डोळा आळशी नसतो

नंदुरबार जिल्ह्याच्या शहादा तालुक्यांत टेंभली नांवाचें एक लहानसें गांव आहे. २९ सप्टेंबर २०१० या दिवशीं देशांतील पहिले आधार क्रमांक या गांवच्या रहिवाशांना देण्यांत आले. या क्रमांकासाठीं माणसाच्या दहा बोटांचे ठसे घेतले जातात आणि दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांचीं चित्रें टिपलीं जातात. बुबुळावरील रेषांची ठेवण एका माणसाची दुसऱ्यासारखी नसते. म्हणून डोळा पाहिला कीं माणूस ओळखतां येतो. परंतु त्या डोळ्याला स्वतःला काय दिसतें, हें तें यंत्र सांगूं शकत नाहीं. तें त्याचें कामहि नव्हे. यंत्राची गोष्ट सोडली, तरी माणसांचेंहि पुष्कळदां असेंच होतें. घरांतील मुलाचे डोळे रोज पाहणारी माणसेंसुद्धां, त्यांतील एका डोळ्याला जवळजवळ दिसत नाहीं, ही गोष्ट वर्षानुवर्षें जाणत नाहींत.

असा डोळा बाहेरून निरोगी असतो. त्याचें बुबुळ स्वच्छ असतें, आंतील पडदा जागच्या जागीं असतो आणि वैद्याच्या दिव्याखालींहि बहुधा त्यांत खोट दिसत नाहीं. तरीहि त्या एकट्या डोळ्यानें पाहूं गेल्यास तक्त्यावरील मोठीं अक्षरेंहि अंधुक दिसतात. चष्मा लावला तरी तें अंधुकपण पूर्णपणें जात नाहीं. वैद्यकांत या स्थितीला 'अँब्लिओपिया' म्हणतात. या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ बोथट दृष्टि असा आहे. व्यवहारांत मात्र 'आळशी डोळा' हें नांव रूढ झालें आहे. पहिलें नांव वस्तुस्थिति सांगतें. दुसरें नांव दोष देतें. आणि ज्यांना हा दोष जडला आहे, त्यांच्या मनाच्या दुःखाचा मोठा भाग या दुसऱ्या नांवांतूनच निर्माण होतो. डोळा आळशी आहे असें म्हणतां म्हणतां मूलच आळशी आहे असें म्हणण्यास लोकांना वेळ लागत नाहीं.

मनुष्य डोळ्यांनीं पाहतो असें आपण म्हणतों. पण डोळा केवळ प्रतिमा गोळा करतो; तिचा अर्थ लावून पाहणारा खरा कर्ता मेंदू होय. नुकतेंच जन्मलेलें मूल चालणें-बोलणें जसें जाणत नाहीं, तसें तें नीट पाहणेंहि जाणत नाहीं. आयुष्याच्या पहिल्या सात-आठ वर्षांत मेंदू हळूहळू पाहण्यास शिकतो. दोन डोळ्यांकडून येणाऱ्या दोन किंचित् निराळ्या प्रतिमा जुळवून तो एकच चित्र तयार करतो आणि त्यांतील सूक्ष्म फरकावरून वस्तु किती जवळ व किती दूर आहे हें ताडतो. या शिकण्याच्या काळांत एका डोळ्याकडून सतत अस्पष्ट किंवा न जुळणारी प्रतिमा येत राहिली, तर मेंदू तिच्याकडे लक्ष देणें सोडून देतो. तो दुसऱ्या डोळ्यावर विसंबतो. तेव्हां आळस डोळ्याचा नसतो. त्याचें म्हणणें ऐकून घेतलें जात नाहीं, इतकेंच.

ही गोष्ट प्रयोगानें सिद्ध झाली ती १९६० नंतरच्या दशकांत. डेव्हिड ह्यूबेल व टॉर्स्टेन वीझेल या दोन शास्त्रज्ञांनीं मांजरीच्या पिलांची एक पापणी कांहीं काळ शिवून ठेवली. पुढें टांके काढल्यावर डोळा निरोगी आढळला, पण मेंदूंतील दृष्टीच्या भागांतील पेशी त्या डोळ्याला जवळजवळ प्रतिसादच देईनाशा झाल्या होत्या. पूर्ण वाढलेल्या मांजराच्या बाबतींत तोच प्रयोग केला, तेव्हां असा परिणाम झाला नाहीं. बालपणीं एक वेळ अशी असते कीं त्या वेळीं झालेलें नुकसान खोल जातें, आणि त्याच वेळीं तें भरूनहि काढतां येतें, हा त्यांतील बोध होय. या दोघांना त्यांच्या दृष्टिविषयक संशोधनाबद्दल १९८१ सालीं नोबेल पारितोषिक मिळाले.

मंददृष्टीचीं कारणें मुख्यतः तीन आहेत. पहिलें कारण तिरळेपणा. दोन डोळे दोन दिशांना वळले म्हणजे एका वस्तूचीं दोन चित्रें दिसूं लागतात आणि तो गोंधळ टाळण्यासाठीं मेंदू एका डोळ्याचें चित्र दाबून टाकतो. दुसरें कारण दोन डोळ्यांच्या नंबरांतील मोठा फरक. एका डोळ्याला स्पष्ट व दुसऱ्याला अंधुक दिसत असतें, पण डोळे सरळ असल्यानें कोणालाच शंका येत नाहीं. तिसरें कारण जन्मजात मोतीबिंदु किंवा डोळ्यावर उतरलेली पापणी. यांत प्रकाशाची वाटच अडते. सामान्यतः शंभर मुलांत एक ते चार मुलांना हा दोष असतो असें मानतात. प्रत्येक तिरळा डोळा मंद असतोच असें नाहीं आणि प्रत्येक मंद डोळा तिरळा दिसतो असेंहि नाहीं, हें मात्र विसरतां कामा नये. तिरळें मूल लोकांच्या नजरेंत भरतें. सरळ डोळ्यांचें मंददृष्टि मूल कोणाच्याच नजरेंत भरत नाहीं. दोघांनाहि सोसावें लागतें, पण निरनिराळ्या रीतीनें.

सरळ डोळ्यांच्या मुलाची हकीकत प्रथम पाहावी. तें तक्रार करीत नाहीं. जन्मापासून जें एकाच डोळ्यानें पाहत आलें, त्याला दोन डोळ्यांनीं पाहणें म्हणजे काय हें ठाऊकच नसतें. आपल्याला दिसतें तसेंच सर्वांना दिसत असेल, अशी त्याची समजूत असते. मग फेंकलेला चेंडू त्याच्या हातांतून निसटतो. पेल्यांत पाणी ओततांना तें कांठाबाहेर सांडतें. सुईंत दोरा जात नाहीं. जिना उतरतांना पाय अडखळतो. वाचनाचा वेग इतरांहून कमी पडतो. मोठीं माणसें त्याला धांदरट म्हणतात, वेंधळा म्हणतात, लक्ष नाहीं म्हणून रागावतात. चेंडूच्या खेळांत गडी वांटून घेतांना त्याचें नांव शेवटीं पुकारलें जातें. शिक्षा होते, पण कारण कळत नाहीं. आणि ज्या शिक्षेचें कारण कळत नाहीं तिचा अर्थ मूल आपल्याच स्वभावांत शोधूं लागतें. 'माझ्यांतच कांहीं कमी आहे' अशी त्याची खूणगांठ बसते. पुढें दोष सांपडला तरी ही गांठ लवकर सुटत नाहीं.

तिरळ्या मुलाचें दुःख उघडें असतें. आपल्या भाषेंतच त्याच्यासाठीं चकणा, हेकणा, काणा अशीं नांवें तयार आहेत. शाळेच्या पहिल्याच वर्षीं मुलाचें खरें नांव मागें पडतें आणि यांतील एखादें नांव त्याला चिकटतें. कांहीं घरांत किंचित् तिरळेपणा हें भाग्याचें लक्षण मानतात. मुलाचें मन राखण्यापुरती ही समजूत गोड वाटते, पण तिच्यापायीं उपचाराचीं मोलाचीं वर्षें निघून जातात. माणसामाणसांतील संबंध नजरेनें जुळतो. समोरच्याकडे पाहून बोलावें, तर तो मागें वळून दुसऱ्या कोणाला शोधूं लागतो. हा अनुभव पुनःपुन्हा आला म्हणजे मूल मान खालीं घालून बोलावयास शिकतें. छायाचित्र काढण्याची वेळ आली कीं तें तोंड फिरवतें किंवा केंस डोळ्यावर ओढून घेतें. लोक म्हणतात, मूल लाजाळू आहे. खरें पाहतां तें लाजाळू नसतें. लोकांच्या नजरेपुढून बाजूला होण्याची त्याला संवय लागलेली असते.

हें केवळ तर्कानें म्हटलेलें नाहीं. स्वित्झर्लंडमधील एका अभ्यासांत लहान मुलांना सरळ व तिरळ्या डोळ्यांच्या मुलांचीं चित्रें दाखवून, वाढदिवसाला कोणाला बोलवाल असें विचारण्यांत आलें. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासाचा निष्कर्ष असा कीं, सहा वर्षें व त्यापुढील वयाचीं मुलें तिरळ्या मुलाची निवड कमी वेळां करतात. त्याहून लहान मुलें असा भेद फारसा करीत नाहींत. म्हणजे हा भेद वाढत्या वयाबरोबर दिसूं लागतो. इंग्लंडमधील २००५ सालच्या एका मोठ्या पाहणींत, साडेआठ वर्षांच्या वयाच्या ज्या मुलांना चष्मा होता किंवा ज्यांच्या डोळ्यावर पूर्वीं पट्टी बांधण्यांत आली होती, त्यांचा सोबत्यांकडून छळ होण्याचा संभव इतरांहून सुमारे एक तृतीयांशानें अधिक आढळला.

या दुसऱ्या पाहणींतील पट्टीचा उल्लेख विशेष लक्षांत घेण्यासारखा आहे. कारण पट्टी हाच या विकाराचा मुख्य उपाय होय. प्रथम योग्य चष्मा द्यावयाचा आणि नंतर चांगला डोळा रोज कांहीं वेळ झांकून ठेवावयाचा, म्हणजे मेंदूला दुर्लक्षित डोळ्याकडे वळणें भाग पडतें. ही कल्पना नवी नाहीं. फ्रान्समधील निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ यानें १७४३ सालींच ती मांडली होती. पूर्वीं मुलाला दिवसभर पट्टी बांधीत. २००३ सालीं अमेरिकेंत झालेल्या एका चाचणीनें दाखवून दिलें कीं, मध्यम प्रतीच्या मंददृष्टींत रोज दोन तासांची पट्टी सहा तासांच्या पट्टीइतकीच उपयोगी पडते. कांहीं मुलांना पट्टीऐवजीं चांगल्या डोळ्यांत ॲट्रोपिनचे थेंब घालूनहि तसाच गुण येतो. मात्र थेंब असोत वा पट्टी, तिचें प्रमाण नेत्रवैद्यानेंच ठरवावयाचें असतें. उपचार सात वर्षांच्या आंत सुरू झाला तर यश अधिक येतें. त्यानंतर, अगदीं बाराव्या-चौदाव्या वर्षींहि कांहीं मुलांना लाभ होतो. म्हणून 'आतां उशीर झाला' असें घरच्यांनीं आपणच ठरवूं नये.

उपाय इतका साधा असून तो पुष्कळदां अर्ध्यावर सुटतो. याचें कारण असें कीं, या उपायानें प्रथम मुलाचें चांगलें दिसणेंच काढून घेतलें जातें. ज्या डोळ्यावर त्याचा सारा भरंवसा तोच झांकला जातो आणि जगच धुकट होऊन जातें. त्यांत चेहऱ्यावर सर्वांना दिसेल अशी खूण येते. मूल रडतें, पट्टी ओढून काढतें; आई कळवळते, आजी म्हणते, 'राहूं दे आजच्या दिवस.' असे आजचे दिवस पुष्कळ होतात. दुसऱ्या बाजूनें धाकदपटशा दाखवून पट्टी बांधली, तर मुलाला ती शिक्षाच वाटते. जेथें पट्टीची वेळ ठरलेली असते, त्या वेळांत आवडतीं चित्रें रंगवणें, मणी ओंवणें, सोंगट्या खेळणें असें जवळून पाहण्याचें काम दिलें जातें, बाहुलीलाहि एक पट्टी बांधली जाते, आणि वर्गांत गुरुजी पहिल्याच दिवशीं सर्व मुलांना पट्टीचें कारण साध्या शब्दांत सांगतात, तेथें हाच उपाय सुसह्य होतो. रोजचे दोन तास शाळेबाहेर, घरींच पार पाडतां आले तर उत्तमच. औषध डोळ्याला द्यावयाचें असतें हें खरें; पण तें लागूं पडण्यासाठीं सारें घर शहाणें असावें लागतें.

येथेंच नंदुरबारसारख्या जिल्ह्याचा प्रश्न पुढें येतो. १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून हा जिल्हा वेगळा झाला. २०११ च्या शिरगणतींत त्याची लोकसंख्या साडेसोळा लाखांच्या आसपास होती आणि तींत शंभरांत सुमारे ६९ माणसें आदिवासी होतीं. तापीकांठचा सपाट मुलूख सोडून सातपुड्यांत चढावें, तों अक्कलकुवा व धडगांव या तालुक्यांचे पाडे डोंगरांवर एकमेकांपासून दूर दूर विखुरलेले दिसतात. चांदसैलीच्या घाटानें खालीं उतरून वैद्य गांठावयाचा म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते. दिवाळीनंतर अनेक कुटुंबें ऊसतोडीसाठीं व इतर मजुरीसाठीं गुजराथेंत किंवा राज्याच्या अन्य भागांत जातात. त्यांचीं कांहीं मुलें बरोबर जातात, कांहीं आश्रमशाळेंत राहतात. पट्टीचा उपचार महिनोन्महिने चालतो आणि दर कांहीं आठवड्यांनीं डोळा पुन्हा तपासावा लागतो. मूल फडावर असेल तर तेथें हें कोण करणार? आश्रमशाळेंत असेल तर शेंकडों मुलांत एका मुलाची पट्टी आज बांधली गेली कीं नाहीं, हें कोण पाहणार? शहरांत जें काम आई करते, तें तेथें अधीक्षिकेनें, गुरुजींनीं किंवा अंगणवाडीच्या ताईंनीं अंगावर घेतलें तरच होतें. भाषेची अडचण निराळीच. पावरी किंवा मावची बोलणाऱ्या पांच वर्षांच्या मुलाला मराठी अक्षरांचा तक्ता दाखवून कांहीं कळत नाहीं. त्यासाठीं तीन दांड्यांचें एकच चिन्ह निरनिराळ्या दिशांना वळवून दाखवितात आणि दांड्या कोणीकडे आहेत हें मुलानें हातानें दाखवावयाचें असतें. या परीक्षेला लिपि लागत नाहीं.

सरकारी व्यवस्था अगदींच नाहीं असें नाहीं. ६ फेब्रुवारी २०१३ रोजीं पालघर येथें राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. त्यानुसार वैद्यकीय पथकांनीं अंगणवाड्यांत वर्षांतून दोनदां व शाळांत एकदां जाऊन मुलांची तपासणी करावयाची असते आणि तींत दृष्टीचाहि समावेश आहे. नंदुरबार येथें २०२० पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयहि आहे. पण तपासणी प्रत्येक डोळ्याची स्वतंत्र झाली तरच उपयोगी. दोन्ही डोळे उघडे ठेवून तपासलेलें मंददृष्टि मूल परीक्षेंत उत्तीर्ण होतें, कारण त्याचा चांगला डोळा दोघांचें काम करतो. टेंभलीच्या प्रसंगाशीं या गोष्टीचा आणखी एक संबंध आहे. पांच वर्षांखालील मुलांच्या बुबुळांचीं चित्रें आधारसाठीं घेत नाहींत. मूल पांच वर्षांचें झालें म्हणजे तीं घ्यावयाचीं असतात. मंददृष्टि ओळखण्याचें मोलाचें वय नेमकें हेंच. ज्या दिवशीं मुलाचा डोळा यंत्रापुढें न्यावयाचा, त्याच सुमारास तो नेत्रवैद्यापुढेंहि न्यावा, एवढें पालकांनीं ध्यानांत ठेवलें तरी पुष्कळ काम होईल.

हें राहून गेलें तर दोष पुढें अशा वेळीं उघडकीस येतो, कीं त्या वेळीं तो फार जिव्हारीं लागतो. सैन्यांत किंवा रेल्वेचा चालक म्हणून भरती होऊं इच्छिणारा तरुण धांवण्यांत पुढें असतो, अभ्यास केलेला असतो. आणि वैद्यकीय तपासणींत त्याचा एक डोळा झांकला जातो तेव्हां त्याला आयुष्यांत प्रथमच कळतें, कीं दुसऱ्या डोळ्याला दिसत नाहीं. ज्या भागांत सरकारी नोकरी ही सबंध घराची आशा असते, तेथें हा धक्का एकट्याचा राहत नाहीं. बरें, अपंगत्वाच्या सवलती मागाव्या, तर त्यांसाठीं बहुतेक ठिकाणीं ४० टक्के अपंगत्व लागतें; दुसरा डोळा निर्दोष असलेल्याचें प्रमाण तेथवर पोंचत नाहीं. भरतीच्या मंडळाच्या लेखीं तो पुरता निकोप नव्हे आणि सवलतींच्या लेखीं तो अपंग नव्हे. मुलीच्या बाबतींत हीच परीक्षा लग्नाच्या बोलण्यांत होते. चष्मा दिसूं नये म्हणून लहानपणीं तिला चष्मा न देणारीं सुशिक्षित घरेंहि शहरांत आहेत. तेव्हां या अज्ञानाचा दोष केवळ डोंगरावरच्या लोकांना देतां येत नाहीं. आणि आईबापांच्या मनाला पुढें जी टोंचणी लागते तीहि थोडी नसते. त्यांनीं डोळेझांक केलेली नसते. त्यांना दिसण्यासारखें कांहीं नव्हतेंच.

प्रौढपणीं मंद डोळ्याची दृष्टि पूर्ववत् करणें बहुधा साधत नाहीं. पण निराश होण्याचें कारण नाहीं. तिरळेपणा कोणत्याहि वयांत शस्त्रक्रियेनें पुष्कळ अंशीं सरळ करतां येतो. त्यानें दृष्टि वाढत नसली, तरी माणूस लोकांच्या डोळ्यांस डोळा भिडवूं लागतो, आणि हा लाभ केवळ शोभेचा समजूं नये. एका डोळ्यानें पाहणारीं माणसें सावल्या, वस्तूंचे लहानमोठे आकार व डोक्याची हालचाल यांवरून अंतर ताडण्यास शिकतात आणि बहुतेक कामें उत्तम करतात. मात्र ज्याचा एकच डोळा भरंवशाचा, त्यानें तो जिवापाड जपावा. उसाच्या पानाचा फटका, बाभळीचा कांटा, जोडकामाची ठिणगी यांपैकीं एखादीनें चांगला डोळा दुखावला तर सारेंच अंधारतें. अशा कामांत संरक्षक चष्मा आणि डोळा दुखतांच घरगुती औषधें न घालतां वैद्याकडे जाणें, हे दोन नियम त्यानें मोडूं नयेत.

घरच्या घरीं एक परीक्षा सहज करतां येते. मूल आवडत्या वस्तूकडे पाहत असतांना त्याचा एक डोळा तळहातानें हळूच झांकावा, मग दुसरा. एक डोळा झांकला असतां तें स्वस्थ बसलें आणि दुसरा झांकतांच हात बाजूला सारूं लागलें, रडूं लागलें किंवा मान वांकडी करून पाहूं लागलें, तर वैद्याची भेट लांबणीवर टाकूं नये. बाहुलींत पांढरी चमक दिसली तर त्याच दिवशीं जावें; ती गंभीर रोगाची खूण असूं शकते. मूल निमूटपणें दोन्ही वेळां पाहत राहिलें, तरीहि तिसऱ्या-चौथ्या वर्षीं एकदां रीतसर तपासणी करून घ्यावी.

आपल्या भाषेंत दुर्लक्ष करण्याला काणाडोळा करणें म्हणतात. ज्यांना खरोखर एका डोळ्यानें कमी दिसतें, त्यांनीं तो केलेला नसतो. तो त्यांच्याकडे पाहणारांनीं केलेला असतो. मुलाला आळशी, धांदरट किंवा चकणा म्हणण्यापूर्वीं घरांतील वडील माणसांनीं क्षणभर थांबून त्याचे डोळे एकेक करून झांकून पाहिले, तर कित्येक मुलांची दृष्टि वांचेल. आणि ज्यांची वांचणार नाहीं त्यांचें मन तरी खचित वांचेल.